तनासीचा मासा

एप्रिल १९७८. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल युक्तिवादाला उभे होते. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस न्यायालयात जातीने फार क्वचित उभा राहतो, पण या खटल्यासाठी ते आले होते. बोलता बोलता त्यांनी काचेची एक छोटी कुपी न्यायमूर्तींपुढे धरली. तिच्यात एक मेलेला मासा होता. लांबी तीन इंच, रंग मातकट, पाठीवर गडद पट्टे. ज्या धरणावर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आहे आणि जे जवळजवळ बांधून तयार आहे, ते एवढ्याशा जिवासाठी अडून राहिले आहे, हे त्यांना नऊ न्यायमूर्तींच्या डोळ्यांना दाखवायचे होते.

माशाची लांबी न्यायमूर्तींना दिसली. तो ज्या पाण्यात जगत होता ते मात्र कुपीत घालून आणण्यासारखे नव्हते. भांडण त्या पाण्याचेच होते.

या माशाला इंग्रजीत स्नेल डार्टर म्हणतात. डार्टर म्हणजे बसल्या जागेवरून बाणासारखी झेप घेणारा. ‘स्नेल’ हा शब्द त्याच्या आहारातून आला. त्याचे मुख्य खाणे म्हणजे नदीतल्या बारीक गोगलगायी. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतात. डार्टर कुळातल्या माशांमध्ये ही पिशवी अगदी लहान असते किंवा नसतेच. त्यामुळे ते तळाशी बसतात, पंखांवर टेकून, गोट्यांच्या आडोशाने. अंगावरचे पट्टे असे की मासा हलला नाही तर गोटा कुठे संपला आणि मासा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

नदीकाठी वाढलेल्या माणसाला डोह आणि खळाळ यांतला फरक सांगावा लागत नाही. डोहात पाणी थबकते, गाळ खाली बसतो. खळाळात ते उथळ होऊन गोट्यांवरून धावते, हवा आत ओढून घेते, आणि गाळाला तळाशी बसू देत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही दगडांना धरून राहणारे छोटे मासे खळाळातच सापडतात. स्नेल डार्टरचे आयुष्य याच धावत्या, स्वच्छ गोट्यांच्या तळाशी बांधलेले आहे. गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर, त्यावर गोगलगायी आणि गोगलगायींवर हा मासा. हिवाळा सरता सरता, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, मादी त्याच खळाळात अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले इतकी कमजोर असतात की पाणी त्यांना वाहून नेते. खाली संथ पाण्यात ती वाढतात आणि अंगात जोर आला की प्रवाहाविरुद्ध पोहत पुन्हा वरच्या खळाळात येतात. म्हणजे या माशाला नदीचा एखादा तुकडा पुरत नाही. वरचा खळाळ, खालचे संथ पाणी आणि दोन्हींमधली मोकळी वाट, तिन्ही लागतात. धरण या तिन्हींवर एकदम घाव घालते: वाट बंद होते, खळाळ खोल पाण्याखाली जातो आणि गोट्यांवर गाळ चढतो.

ज्या नदीसाठी हा झगडा झाला तिचे नाव लिटल टेनेसी. जॉर्जियाच्या डोंगरात उगम पावून, नॉर्थ कॅरोलायना ओलांडून ती टेनेसी राज्यात उतरते आणि मोठ्या टेनेसी नदीला मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या वरच्या अंगाला धरणे झाली होती. शेवटचा सुमारे ३३ मैलांचा, म्हणजे ५३ किलोमीटरचा पट्टा मात्र मोकळा वाहत होता. पाणी थंड आणि नितळ. ट्राउट मासा गळाला लावण्यासाठी लोक लांबून तिथे यायचे. दोन्ही तीरांवर काळ्या कसदार मातीची शेते होती, आणि त्या मातीखाली त्याहून जुने काही होते.

हा चेरोकी लोकांचा मुलूख. चोटा, टोक्वा, टस्कीगी, तनासी अशी त्यांची गावे या नदीच्या काठाने वसली होती. चोटा आणि तनासी ही अठराव्या शतकात चेरोकींची राजधानीची गावे होती. टस्कीगीला सेक्वोयाचा जन्म झाला. स्वतःला कोणतीही लिपी वाचता येत नसताना या माणसाने आपल्या भाषेसाठी अक्षरे घडवली आणि १८२१ पर्यंत ती पूर्ण केली. थोड्याच वर्षांत चेरोकी लोक आपल्या भाषेत लिहू-वाचू लागले. या खोऱ्यातल्या उत्खननात नऊ हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणाही मिळाल्या. तनासी या गावाच्या नावावरूनच पुढे नदी टेनेसी झाली आणि राज्यही टेनेसी झाले.

माशाचे शास्त्रीय नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तेही याच गावावरून ठेवले गेले: पर्सिना तनासी. गावच्या बोलीतला शब्द माशाच्या नावात कायमचा जाऊन बसणे मराठी माणसाला नवे नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द उचलले. खुद्री, मुल्या, बोगट हे शब्द आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहेत, ते त्यामुळे.

धरण बांधणारी संस्था होती टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, थोडक्यात टीव्हीए. १९३३ मध्ये मंदीच्या खाईत सापडलेल्या अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती उभी केली. पूर आवरणे, वीज पोचवणे, नापीक झालेली जमीन सुधारणे अशी सगळ्या खोऱ्याची कामे एका छत्राखाली आणणारी ही कल्पना जगाला भावली. व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर नदीच्या खोऱ्याची योजना आखायला घेतली, तेव्हा टीव्हीएचाच नमुना समोर होता. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. टीव्हीएच्या पहिल्या पिढीतल्या धरणांनी त्या गरीब मुलखाचे दिवस खरोखर पालटले होते.

टेलिको धरणाची गोष्ट वेगळी होती. १९६७ मध्ये काम सुरू झाले तोवर चांगल्या जागांवरची धरणे बांधून झाली होती. टेलिकोला स्वतःचे वीजगृहसुद्धा नव्हते. साठलेले पाणी कालव्याने शेजारच्या जलाशयात वळवून तिथली वीज थोडी वाढवायची, एवढाच तो भाग होता. मुख्य लाभ दाखवला होता तो तलावाकाठच्या जमिनीचा: तिथे कारखाने येतील, करमणुकीची ठिकाणे होतील, टिंबरलेक नावाचे नवे नमुनेदार शहर वसेल. त्या शहरात बोइंग कंपनी टीव्हीएची भागीदार व्हायची होती, पण १९७५ मध्ये तिने अंग काढून घेतले. पाण्याखाली जायचे होते सुमारे १६,५०० एकर. संपादित झाली सुमारे ३८,००० एकर जमीन, कारण काठावरची जमीन पुढे विकायची होती. तीनशेहून अधिक कुटुंबे उठली. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरातला आहे, त्या भाषेच्या वाचकाला या आकड्याचा अर्थ वेगळा उलगडून सांगायला नको.

शेतकरी, मासेमारीचे शौकीन, चेरोकी आणि निसर्गप्रेमी यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल धड केला नाही म्हणून न्यायालयाने १९७२ मध्ये काम थांबवलेही. अहवाल नीट लिहून आल्यावर मनाई उठली. पण ती उठण्याच्या काही महिने आधीच मासा सापडला होता.

१२ ऑगस्ट १९७३. टेनेसी विद्यापीठातले मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर पाणचष्मा लावून कॉयटी स्प्रिंग्ज या जागी नदीत उतरले. या पट्ट्यात कोणते मासे आहेत, याची पाहणी ते करत होते. गोट्यांवर बसलेला एक मासा त्यांना दिसला. त्यांनी ओंजळ करून तो अलगद धरला. प्रदेशातले सगळे डार्टर ओळखणाऱ्या या माणसाला तो ओळखता येईना. पुढच्या अभ्यासात या नदीत असे दहा ते पंधरा हजार मासे असावेत असा अंदाज निघाला. दुसरीकडे कुठेही तो तेव्हा सापडला नव्हता. एटनियर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

मासा हाती लागल्यानंतर साडेचार महिन्यांनी, २८ डिसेंबर १९७३ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर सही केली. गरुड, अस्वल, लांडगा असे प्राणी डोळ्यांपुढे ठेवून बहुतेक खासदारांनी त्याला मत दिले असेल. कायद्याच्या सातव्या कलमात मात्र मोठा-छोटा असा भेद नव्हता. केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याने संकटग्रस्त प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येईल किंवा तिचा कळीचा अधिवास नष्ट होईल असे काही करू नये, इतके ते सरळ होते.

टेनेसी विद्यापीठात कायदा शिकणारा हँक हिल हा विद्यार्थी निबंधासाठी विषय शोधत होता. माशाची बातमी त्याच्या कानावर आली होती. त्याने आपल्या प्राध्यापकांना, झिगमंट प्लेटर यांना, विचारले की हे कलम धरणाला लागू होईल का. निबंधाचा अर्ज झाला, अर्जाचा खटला झाला. शेतकऱ्यांच्या बैठका झाल्या, टी-शर्ट विकून पैसे उभे राहिले. ऑक्टोबर १९७५ मध्ये माशाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत आले, आणि १९७६ मध्ये लिटल टेनेसीचा तो पट्टा त्याचा कळीचा अधिवास म्हणून जाहीर झाला. विरोधकांनी नदीसाठी माशाला पुढे केले असा आरोप तेव्हा झाला आणि अजूनही होतो. नदी वाचवायची होती, हे त्यांनी कधी लपवले नाही. पण माशाला लागत होती तीही तीच नदी. त्या दोन मागण्या वेगळ्या काढणेच शक्य नव्हते.

जिल्हा न्यायालयाने मान्य केले की धरण भरले तर मासा जाईल, तरी एवढा पैसा खर्च झाल्यावर काम थांबवायला नकार दिला. जानेवारी १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून मनाई हुकूम दिला. मग टीव्हीए सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि बेल यांच्या हातात ती कुपी आली.

१५ जून १९७८ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन, माशाच्या बाजूने. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालपत्र लिहिले. कितीही किंमत मोजावी लागली तरी प्रजाती नष्ट होणे थांबवायचे, हा संसदेचा हेतू कायद्याच्या शब्दांत स्वच्छ दिसतो, आणि तो शहाणपणाचा आहे की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, असा त्याचा आशय होता. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांना हा अर्थ विपरीत वाटला. त्यांच्या मते जवळजवळ पूर्ण झालेल्या कामाला हे कलम लावायचे नव्हते.

वर्तमानपत्रांनी तीन इंच आणि दहा कोटी ही जोडी उचलली आणि सोडलीच नाही. एक क्षुल्लक मासा, एक मोठे धरण आणि काही हट्टी माणसे एवढीच गोष्ट देशभर पोचली. धरणातून खरोखर काय मिळणार आहे हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

तो प्रश्न विचारला गेला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथून त्याची अपेक्षा नव्हती. निकालानंतर धरणाच्या समर्थकांनी कायद्यात दुरुस्ती करून घेतली. मंत्री आणि बडे अधिकारी यांची सात जणांची एक समिती नेमायची आणि प्रकल्पाचे महत्त्व मोठे ठरले तर प्रजातीला मिळालेले संरक्षण तिने बाजूला सारायचे, अशी ती दुरुस्ती होती. कोणी जगायचे आणि कोणी नाही हे ठरवणारी म्हणून लोकांनी तिला ‘देवांची समिती’ म्हटले. २३ जानेवारी १९७९ रोजी टेलिकोचे प्रकरण तिच्यापुढे आले. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख चार्ल्स शुल्झ यांनी हिशेब मांडला. धरण ९५ टक्के पूर्ण आहे. झालेला सगळा खर्च विसरून जा, फक्त उरलेला खर्च आणि बुडणाऱ्या जमिनीचे मोल धरा. तरीही मिळणारा लाभ त्याला पुरा पडत नाही. समितीने एकमताने सूट नाकारली. अंतर्गत खात्याचे मंत्री आणि समितीचे अध्यक्ष सेसिल अँड्रस यांनीही हा प्रकल्प मुळात हिशेबात न बसणारा होता असेच मत दिले.

म्हणजे न्यायालयाने कायद्याच्या अंगाने जे सांगितले, तेच अर्थतज्ज्ञांनी पैशांच्या अंगाने सांगितले. मासा अडवत होता ते धरण माशाविनाही तोट्याचे होते.

पुढचा अंक अगदी थोडक्यात उरकला. १८ जून १९७९ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहात ऊर्जा आणि पाणी खात्यांच्या खर्चाचे विधेयक आले होते. सभागृह जवळजवळ रिकामे होते. टेनेसीचे प्रतिनिधी जॉन डंकन यांनी एक दुरुस्ती मांडली. ती वाचून दाखवू नये असे ठरले, चर्चा झाली नाही, आणि एका मिनिटाच्याही आत ती मंजूर झाली. इतर कायद्यांत काहीही असो, टेलिको धरण पूर्ण करावे, असा तिचा मजकूर होता. सिनेटमध्ये हॉवर्ड बेकर यांनी ती लावून धरली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नाखुशीने २५ सप्टेंबरला विधेयकावर सही केली. चेरोकींनी पूर्वजांची गावे आणि थडगी बुडतील म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण तिथे त्यांना दाद मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये शेवटपर्यंत घर न सोडणाऱ्या काही कुटुंबांना मार्शल नेऊन बाहेर काढण्यात आले, घरे पाडली गेली. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी धरणाची दारे खाली आली.

पाणी चढत गेले. कॉयटी स्प्रिंग्जचा खळाळ गेला. तनासीची जागा गेली. चोटाच्या सभागृहाच्या ठिकाणी भराव घालून एक स्मारक उभे केले आहे. तलावाकाठच्या जमिनीचा मोठा भाग पुढे विकासकांकडे गेला. तिथे आज टेलिको व्हिलेज नावाची वसाहत आहे, निवृत्त लोकांची घरे, बोटींचे धक्के, गोल्फची मैदाने. लिटल टेनेसीतला स्नेल डार्टर संपला.

मासा मात्र संपला नव्हता. खटला चालू असतानाच जीवशास्त्रज्ञांनी शेकडो मासे उचलून शेजारच्या हायवॅसी नदीत सोडले होते, पुढे होल्स्टन नदीतही. मासे असे हलवून जगतील याची खात्री कोणालाच नव्हती. हायवॅसीत ते रुजले. मग नोव्हेंबर १९८० मध्ये चॅटनूगाजवळच्या साउथ चिकामॉगा या ओढ्यात खुद्द एटनियर यांनाच तो मासा आपसूक वाढलेला सापडला. पुढे सेक्वाची नदीत सापडला, अलाबामातल्या पेंट रॉक नदीत सापडला. एकेकाळी टेनेसीच्या खोऱ्यात तो बराच पसरलेला असणार आणि धरणांच्या साखळीने त्याचे वेगवेगळे तुकडे करून टाकले असणार, हे यावरून ध्यानात आले. १९८४ मध्ये तो संकटग्रस्त गटातून काढून कमी धोक्याच्या गटात ठेवला गेला.

त्याच्या पुढच्या भरभराटीत खुद्द टीव्हीएचा मोठा वाटा आहे. खोल जलाशयाच्या तळाशी पाणी थंड असते आणि त्यातला प्राणवायू उन्हाळ्यात सरतो. वीजगृहातून तेच पाणी सुटले की खालची नदी दिसायला वाहती असते, पण तिच्यात जीव गुदमरतो. आणि वीज नको असेल त्या वेळी विसर्ग बंद झाला की तळ उघडा पडतो. १९८० च्या दशकाअखेरीपासून टीव्हीएने आपल्या धरणांमागच्या पाण्यात हवा आणि प्राणवायू सोडायला सुरुवात केली, आणि दिवसभर किमान काही पाणी खाली वाहत राहील असे वेळापत्रक घातले. होल्स्टन आणि फ्रेंच ब्रॉड या नद्यांच्या तळावर गोगलगायी परतल्या, त्यांच्यामागे डार्टर परतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने स्नेल डार्टरचे नाव यादीतून पूर्णपणे काढले. सावरला म्हणून यादीतून बाहेर पडलेला तो अमेरिकेच्या पूर्व भागातला पहिला मासा. एटनियर यांनी हे पाहिले. पुढच्याच वर्षी ते वारले.

एवढ्यावर ही गोष्ट थांबेल असे वाटत होते. पण जानेवारी २०२५ मध्ये येल विद्यापीठाचे थॉमस निअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुके आणि शरीराची मापे तपासून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की स्नेल डार्टर ही वेगळी प्रजाती नाहीच. मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या नद्यांत राहणाऱ्या स्टारगेझिंग डार्टरचीच ती पूर्वेकडची शाखा आहे. प्लेटर यांना हे पटलेले नाही. वेगळेपणाची रेघ कुठे ओढायची याबद्दल जीवशास्त्रज्ञांत मतभेद असतातच. निकष बदलला की प्रजातींची संख्याही बदलते. पण ज्या नदीतला मासा गेला, ती नदी तिथे वाहत होती आणि आता वाहत नाही, याबद्दल दोन्ही बाजूंत दुमत नाही.

स्टारगेझिंग डार्टरला शास्त्रीय नाव मिळाले १८८७ मध्ये. दोन नावे एकाच जिवाची निघाली तर आधीचे राहते आणि नंतरचे मागे पडते, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. निअर यांचे म्हणणे सर्वमान्य झाले तर पर्सिना तनासी हे नाव पुस्तकांतून पुसले जाईल. तनासी गाव टेलिको तलावाखाली आहे. काठावर त्याच्या नावाचा एक दगड आहे. आणि तिथून दक्षिणेला, हायवॅसीच्या खळाळात, लिटल टेनेसीतून डबा भरून आणलेल्या त्या माशांचे वंशज अजून दर फेब्रुवारीत गोट्यांमध्ये अंडी घालतात.